श्वास ओढायचा नसतो हो, बघायचा असतो

आज सकाळी कोथरूडच्या एका बागेत जे पाहिलं त्यानं डोकं अजून तापलेलं आहे. चाळीसेक माणसं सतरंज्यांवर, समोर माइक आणि हुकूम सुटतायत: "खोल घ्या, अजून खोल, भराभर! आता रोखा, रोखा... स्वतःला भेटा!" तिसऱ्या रांगेतल्या काकूंचा चेहरा पांढराफटक पडला, बोटं आखडली. त्यावर माइकवरून काय? "घाबरू नका, शरीरातलं विष बाहेर पडतंय."

विष कसलं डोंबलाचं! भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून गरगरतं, ओठांना मुंग्या येतात, बोटं वळतात. तिथं "अजून खोल" म्हणजे आगीत तेल. खाली बसवा, तोंड मिटून नाकानं सावकाश श्वास चालू द्या, बहुतेक वेळा काही मिनिटांत उतरतं. छातीत दुखलं किंवा उतरलंच नाही, तर सरळ डॉक्टर गाठा.

आणि हे पुण्यात! शेजारी लोणावळ्याला १९२४ पासून कैवल्यधाम ही योगसंस्था आहे, तिथं श्वास प्रयोगशाळेत तपासला गेला. इथंच पुण्यात योगाचार्य अय्यंगार गुरुजी नवख्याला पाठीखाली आधार देऊन, आडवं झोपवून प्राणायामाची सुरुवात करायला लावायचे. मरकळच्या विपश्यना शिबिरात दहापैकी पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, जसा येतो तसा. लांबवायचा नाही, रोखायचा तर नाहीच.

मान्य, गटात असलं की माणूस रोज उठून येतो. निरोगी माणसाला नीट शिकवलेली कपालभातीही मानवते. पण रक्तदाब, हर्निया, फिट्स, गर्भारपण यातलं काही आहे का, हे काकूंना कुणी विचारलं होतं?

असो. घरी करणाऱ्यांसाठी नीट लिहिते.

सोलापुरी चादरीची जाड घडी बैठकीखाली घ्या, गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. ते वर राहिले की कंबर मागे ढळते, पोट दबतं आणि श्वास छातीतच अडकतो. मांडी जमत नसेल तर खुर्ची, पाय जमिनीला टेकलेले. पहिली दोन मिनिटं काहीच करू नका. नाकपुडीशी आत जाणारा गार, बाहेर येणारा कोमट, एवढंच जाणवू द्या. मग चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. सेकंदाला एक आकडा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सहा. पुढचा श्वास हपापल्यासारखा आत आला, तर तुम्ही ताणताय, तीन आकडे आत, चार बाहेर एवढ्यावर या.

मन मुलाच्या फीवर, गॅस सिलिंडरवर जाणारच. गेलंय हे लक्षात येतं ना, त्या क्षणी तुम्ही स्वतःपाशी परत आलेले असता. ती भेट इतकी साधी असते, माइकवरून ओरडून होत नाही. काहींना श्वासाकडे बघितलं की उलट धडधडतं. त्यांनी डोळे उघडावेत, लक्ष तळपायांवर न्यावं.

काकूंना कुणीतरी रिक्षात बसवून दिलं. जाताना म्हणत होत्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल."

काकू, तुमचं काही चुकलं नाही हो. उद्या घरीच बसा, खुर्चीत, खिडकीपाशी. दहा श्वास मोजा. मोजणी चुकली तर पुन्हा एकपासून.