बाजारतळावर कॉम्प्लेक्स नको, हे अजून किती वेळा सांगायचं?

"तुम्हाला गावाचा विकास नकोय का?" हा प्रश्न यापुढे मला कुणी विचारू नये. टपरीवर नको, लग्नाच्या पंगतीत नको आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर अजिबात नको. आठवडे बाजार भरतो त्या बाजारतळावर पालिकेच्या होऊ घातलेल्या तीन मजली शॉपिंग कॉम्प्लेक्सला विरोध केला म्हणून आम्हाला गावाचे वैरी ठरवून टाकलंय. आम्ही काय बोलतोय ते ऐकून घ्यायचीही कुणाची तयारी नाही.

आमचं गाव तालुक्याचं, घाटावरचं. ऊस आणि ज्वारीचा पट्टा. बाजाराच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून बायका पहाटेच्या एसटीनं नाहीतर वडापच्या जीपनं येतात. पोत्याचा तुकडा अंथरतात आणि त्यावर चाकवत, शेपू, अंबाडी, गवारी, परसातल्या कोंबड्यांची अंडी मांडतात. ठेकेदाराच्या माणसानं पावती फाडली की तेवढी जागा त्यांची. डिपॉझिट नाही, करार नाही, जामीनदार नाही. ज्या बाईच्या नावावर ना जमीन ना घर, तिला स्वतःच्या हातात पैसे मिळायची तालुक्यात ही एकच जागा आहे. संध्याकाळी त्याच पैशातून ती तेल-मीठ, पोराच्या वह्या, सासऱ्याच्या गोळ्या घेऊन घरी जाते. म्हणजे पैसा पुन्हा आमच्याच पेठेत येतो. कापडवाला, मेडिकल, कृषी सेवा केंद्र, भांड्यांचं दुकान, कुणालाही विचारा, आठवड्याचा गल्ला कोणत्या दिवशी भरतो ते.

आणि त्यांच्यासाठी प्रस्तावात काय आहे? दुसऱ्या मजल्यावर ओटे! तळमजला पार्किंगला, पहिला मजला गाळ्यांना आणि भाजीवाल्या सगळ्यांत वर. ज्यानं हा नकाशा काढला त्यानं आयुष्यात कधी डोक्यावर भोपळ्याचं पोतं घेऊन जिना चढलाय का? साठीच्या बाईनं तो माल वर कसा न्यायचा? आणि मेथीच्या एका जुडीसाठी दोन जिने कोणतं गिऱ्हाईक चढतं? कुणी नाही. मग पोटासाठी त्या बायका खाली रस्त्याच्या कडेला बसणार, आणि दुसऱ्या दिवशी अतिक्रमणवाले येऊन त्यांचा काटा उचलून नेणार. त्या रस्त्यावरून गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात. आजच दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या की गाव ठप्प होतं. त्यात हे गाळे, त्यांचे टेम्पो, त्यांची गिऱ्हाइकं.

हे करायची गरज काय, तर म्हणे पालिकेचं उत्पन्न वाढेल. एसटी स्टँडजवळचं जुनं व्यापारी संकुल उभं आहे ना? जाऊन बघा. वरच्या मजल्यावरची शटर गंजली आहेत, कोपऱ्याकोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, जिन्यात मुतारीचा वास. गाळे ज्यांच्याकडे आधीच पैसा होता त्यांनीच घेतले. काहींनी पोटभाडेकरू ठेवले, काहींनी कुलूप लावलं. आधी ते गाळे भरून दाखवा. त्याबद्दल विचारलं की विषय बदलतात.

सगळ्यांत जास्त चीड येते ती लपवाछपवीची. ही जागा विकास आराखड्यात आठवडे बाजारासाठी आरक्षित आहे. आरक्षण बदलायचं तर १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे राजपत्रात सूचना काढावी लागते, लोकांच्या हरकती घ्यायला एक महिन्याची मुदत ठेवावी लागते, ज्यांना झळ बसणार त्यांना नोटीस देऊन त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि मगच प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो. कायदा आमच्या बाजूनं इतकं बोलतो. प्रत्यक्षात पेपरच्या आतल्या पानावर मुंगीच्या अक्षरात सूचना छापली. बाजारतळावर एक कागद चिकटवला नाही. बसणाऱ्या एकाही बाईला नोटीस नाही.

पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ सालचा आहे. त्यात लिहिलंय की सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कुणालाही उठवायचं नाही. विक्रेत्यांचे प्रश्न बघणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेते हवेत, त्यातल्या एक तृतीयांश बायका. ५० वर्षांहून जुना नैसर्गिक, म्हणजे आपोआप भरत आलेला बाजार असेल तर तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असंही त्याच्या परिशिष्टात आहे. आमचा बाजार तर आजोबांच्या आधीपासून भरतोय. समितीत कोण आहे, सर्वेक्षण कधी झालं, हे विचारलं तर पालिकेत एक टेबल दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

कॉम्प्लेक्सचा मूळ ठराव झाला प्रशासकाच्या काळात. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर २०२२ पासून जवळपास चार वर्षं निवडून आलेलं कुणी नव्हतं, सगळं एका सहीवर चालायचं. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली. याच बाजारतळावर हात जोडत फिरलेले लोक आता सभागृहात बसलेत. वाटलं, हे तरी ठराव मागं घेतील. आता म्हणतात, "वरून आलंय, आमच्या हातात नाही." तुमच्या हातात नाही तर मतं कशाला मागितलीत? नवीन ठराव करायला तुम्हाला कोण अडवतंय?

पालिकेत एक बैठक घेतली, तीही आम्ही धरणं धरल्यावर. पडद्यावर काचेच्या इमारतीची चित्रं दाखवली. एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, ह्यात आमी कुटं बसायचं?" उत्तर आलं, "तुमचं नंतर बघू." पुढचा प्रश्न घ्यायच्या आत बैठक संपवली. त्या मावशींनी जन्मभर पावतीचे पैसे भरलेत. त्यांना एवढंही उत्तर देता येत नाही?

बाजारतळाचा उतार खालच्या आळीकडे आहे. आज पावसाचं बरंचसं पाणी मातीत मुरतं. सगळं काँक्रीट झाल्यावर ते कुणाच्या घरात शिरणार, हेही कुणी तपासलेलं नाही. खालच्या आळीतल्या लोकांनो, तुम्ही गप्प का आहात?

हरकतींची मुदत अजून संपलेली नाही. येत्या बाजारी पिंपळाच्या पारावर आम्ही टेबल मांडून बसतोय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची हरकत आम्ही लिहू, त्यांना वाचून दाखवू, मगच अंगठा घेऊ. प्रत्येकानं स्वतःच्या नावानं वेगळी हरकत द्या, एकाच कागदावर शंभर सह्या नकोत. दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय पालिकेच्या पायऱ्या उतरू नका.