मॉल कसा वाचवावा (खिशाला हात न लावता)

मॉल ओस पडत चालले म्हणून तुम्हालाही हळहळ वाटते, हे ऐकून बरं वाटलं. हळहळीला जीएसटी नाही, ती सढळ हाताने करावी. पण मॉलचं सामाजिक ऋणही फेडायला हवं, आणि तेही पाकीट न उघडता.

एप्रिलात सुरुवात करा. भर दुपारी पंखा गरम वारा टाकायला लागला की सहकुटुंब पुण्यातल्या विमाननगरचा मॉल गाठा. "एवढं बसायचंय तर बागेत बसा," असं कुणी म्हणालंच, तर महापालिकेच्या बहुतेक बागांना दुपारी कुलूप असतं, हे ठणकावून सांगा. आजींना न्यायचंच. सरकत्या जिन्यापाशी त्या थबकतील. एका हातात निऱ्या, दुसऱ्यात नातवाचं मनगट, पाय पुढे जातोय आणि परत मागे येतोय. मागे माणसं तुंबतील. तुंबू द्या. "आजी, आता! टाका पाय!" एवढ्या अनोळखी लोकांनी एकदिलाने कुणाला धीर दिलाय, असं तुमच्या सोसायटीच्या सभेत कधी घडलंय का?

मग फूड कोर्ट. एक पावभाजी, चार चमचे, दोन तास. शेजारच्या टेबलावर मुलगा-मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालू असेल. कान तिकडे ठेवा, मत देऊ नका (पुण्यात हे जरा जड जातं).

गप्पांत व्हिक्टर ग्रुएनचं नाव सोडून द्या. मूळचा व्हिएन्नाचा हा वास्तुरचनाकार. १९५६ मध्ये त्याचं साउथडेल सेंटर, म्हणजे छपराखालचा बंदिस्त मॉल, अमेरिकेत मिनेसोटात उघडलं. त्याला तिथे गावचौक हवा होता. उरली दुकानं आणि भोवती गाड्याच गाड्या, तेव्हा त्याने या अपत्याशी नातंच तोडलं. शेवटचं वाक्य गाळलंत तरी चालेल. १९९९ मध्ये मुंबईत क्रॉसरोड्स मॉल उघडला, तेव्हा दारातच मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे मोजा, असा खाक्या होता, तेही काढू नका. 'मॉल सगळ्यांचा' या भाषणाची लय बिघडते.

आकडा हवाच असेल तर नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीचा घ्या. २०२३ मध्ये ८ मोठ्या शहरांत ६४ शॉपिंग सेंटरं 'घोस्ट' निघाली, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी. का, ते मात्र खोदू नका. अशा कित्येक ठिकाणी बिल्डरने गाळे सुटे सुटे विकून अंग काढून घेतलेलं असतं. मग एसी बंद पडला की तो कुणी दुरुस्त करायचा, यावर मालकांच्या नुसत्या बैठका होतात. कोणतं दुकान कुठे असावं, हे ठरवणारं कुणीच नसतं. सगळं ऑनलाइनवर ढकलावं, ते सोयीचं. त्याच २०२३ मध्ये पुण्यातच वाकडला फिनिक्स कंपनीचा नवाकोरा अवाढव्य मॉल उघडला, हे हळहळताना आठवू नये.

राहता राहिली खरेदी. बुटांच्या दुकानात शिरा, तीन जोड घालून आरशासमोर येरझाऱ्या घाला, माप पक्कं करा. विक्रेत्या पोराला "जरा फिरून येतो" सांगा आणि खांबाआड जाऊन तोच जोड मोबाइलवरून मागवा. किराण्याचंही तसंच. कणकेच्या पिशवीचा भाव इथे बघायचा, ऑर्डर तिथे द्यायची. फक्त ती पिशवी तुमच्याआधी घरी पोचते, तेव्हा निघताना दार उघडायला कुणाला तरी मागे ठेवा.