एसी बंद, कान चालू

ओपन ऑफिसात माणूस आवाजाला वैतागत नाही, अर्थाला वैतागतो. एसी दिवसभर घुमत असतो, त्याचं कुणाला काही नाही. पण तीन टेबलं पलीकडे कुणी दबक्या आवाजात ‘‘मग मुलाकडच्यांनी काय सांगितलं?’’ म्हटलं, की माझी एक्सेलमधली बेरीज संपली! त्यातून ते फोनवर असेल तर आणखी पंचाईत. पलीकडची बाजू मेंदू पदरची घालून रचत बसतो.

ध्वनितज्ज्ञांनी या चोंबडेपणालाही माप लावलंय. बोलणं किती कळतं, याचा 0 ते 1 असा निर्देशांक असतो. बोलणाऱ्यापासून किती दूर गेल्यावर तो 0.5च्या खाली येतो, ते मोजायचं. 5 मीटरच्या आत आला तर ऑफिस चांगलं; 10 मीटरनंतरही येत नसेल तर सगळ्यांना सगळ्यांचे पगार ठाऊक असतात.

आमच्याकडे छत उघडं, भिंती काचेच्या आणि खाली गुळगुळीत टाइल्स. याला ‘इंडस्ट्रियल लूक’ म्हणतात. आवाज शोषायला तिथे फक्त कर्मचारी. खरं तर पहिला खर्च छतावर करावा, आवाज शोषणाऱ्या मिनरल वूलच्या (खनिज तंतूंच्या) टाइल्सवर. ते सोडून आधी पार्टिशन उभी केली, तर आवाज छतावर आपटून पलीकडे उतरतो. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर असतो, त्याहून बुटकं पार्टिशन गणपतीचा फोटो चिकटवण्यापुरतं. तिसरा उपाय म्हणजे स्पीकरमधून 40 ते 45 डेसिबलची एकसुरी सळसळ सोडून बोलणं झाकणं. ती वाढवत नेली की लोकही आवाज चढवतात; लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1911मध्येच हे सांगून ठेवलंय.

आवाज गिळणारे महागडे हेडफोन म्हणाल, तर ते खर्जातली सलग घरघर उत्तम खातात आणि बोलणं बऱ्यापैकी सोडून देतात. म्हणजे एसी गेला, मुलाकडचे राहिले.

हल्ली ऑफिस बांधण्याआधीच त्याचा गोंगाट व्हीआर हेडसेटवर ऐकवतात. कल्पना झकास, पण दोन्ही कानांत आवाज पोचण्यातला फरक एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो आणि दिशा त्यावरून कळते. मान वळली की तो फरक लगेच बदलायला हवा; नाहीतर उजवीकडचा सहकारी मानेबरोबर फिरत राहतो. शिवाय ऐकणाऱ्याला काम द्यावं, निदान आकडे क्रमाने लक्षात ठेवायला. रिकाम्या माणसाला दोन मिनिटं कुठलंही ऑफिस प्रसन्नच वाटतं.

एवढं नीट जमलं, की बटण दाबून साहेबांना छत लावून दाखवायचं, काढून दाखवायचं. साहेबांना फरक स्पष्ट ऐकू येतो. मग ते हेडसेट उतरवून विचारतात, ‘‘त्यापेक्षा कुंड्या ठेवल्या तर?’’