आधी खुरपं, मग कात्री: द्राक्षवेलीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

‘घरची द्राक्षवेल वाढत का नाही’ या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंय, आणि त्यातलं निम्मं मला मान्य आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. सांगलीत विश्रामबागेत कंपाउंडच्या भिंतीलगत तुम्ही मागच्या वर्षी नोव्हेंबरात नर्सरीतलं कलम लावलं. आज चौदा महिने झाले, उंची जेमतेम तीन फूट, खोड पेन्सिलीहून बारीक. दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं खत), दर पंधरवड्याला शेणाची स्लरी, रोज सकाळी बादलीभर पाणी, तरी पानं पिवळी. एवढं करून वेल जागची हलत नाही आणि वर माझा सल्ला काय, तर ‘दोन डोळ्यांवर कापून टाका’, म्हणजे नवी फूट येते त्या दोनच कळ्या ठेवून वरचं छाटा. तुम्ही विचारलंय, तीन फुटांतले अडीच फूट कापल्यावर उरणार काय, दातकोरणं? दुसरा मुद्दा खुंटाचा, म्हणजे ज्या चिवट वेलीच्या मुळावर हव्या त्या जातीचं कलम करतात तिचा. मी लिहिलं होतं ‘खुंटाशिवाय लावू नका’, त्यावर तुमचा सवाल: तासगावच्या जुन्या बागा कुठे खुंटावर होत्या, मग घरच्या एका वेलीला खुंट कशाला?

कापण्याचा सल्ला चुकीचा नव्हता, अर्धवट होता. कधी कापायचं आणि कुठल्या वेलीला कात्री लावायची नाही, हे त्यात यायला हवं होतं. ती उणीव माझी.

कापल्याने फायदा का होतो, ते बघा. मुळं जेवढा रस वर पाठवतात तेवढाच वेलीच्या वाट्याला येतो. कुपोषित वेलीवर सात-आठ किरकोळ फुटी असतात, त्या तो रस वाटून घेतात आणि एकही धड वाढत नाही. दोन-तीन डोळेच ठेवले की सगळा जोर एका फुटीत जातो आणि ती सरळ, जाड येते. तासगाव-पलूसकडचे बागायतदार चांगल्या वाढलेल्या नव्या बागेतही पहिल्या वर्षी कलमाच्या जोडाच्या वर दोन-तीन डोळे ठेवून कापतात, त्यालाच रिकट म्हणतात. पण हे गणित मुळं शाबूत असतील तरच जमतं. मुळं कुजलेली असतील तर जी दहा-बारा पानं आहेत तीच वेलीला जगवत असतात. त्याच मातीत ठेवून ती काढली की वेल गेली. म्हणून तुमच्या वेलीला आत्ता कात्री लावू नका, आधी खुरपं घ्या.

त्याआधी एक हिशेब. चौदा महिने ऐकायला पुष्कळ वाटतात, पण नोव्हेंबरात लावलेली वेल जानेवारीअखेरपर्यंत थंडीने बसूनच असते. रात्रीचा पारा पंधरा अंशांच्या खाली असला की शेंडा जवळजवळ थांबतो. खरी वाढ फेब्रुवारी ते मे. नंतर पावसाळ्यात ढगाळ हवा, करपा-केवड्यासारखे रोग. ऑक्टोबरात थोडी उचल, आणि आता पुन्हा थंडी. म्हणजे वाढीचे महिने पाच-सहाच मिळाले. त्यामुळे आज शेंडा हलत नाही याची काळजी करू नका, जानेवारीत तो हलत नसतोच. काळजीची गोष्ट आहे ती मागच्या उन्हाळ्याची. निरोगी फूट मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला दोन-तीन सेंटीमीटर सहज वाढते, महिना-दीड महिन्यात तीन फूट ओलांडते. तुमची तेव्हाही अडली, म्हणजे दुखणं जमिनीखाली आहे.

खोडापासून नऊ इंचांवर, भिंतीच्या विरुद्ध बाजूला, फूटभर लांब आणि फूटभर खोल चर घ्या. एकाच बाजूला, आणि शेवटचे चार इंच हाताने माती काढत. सहा इंच खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करा आणि हातभर वर उडवून झेला. गोळा फुटला तर वाफसा आहे, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची. तसाच राहिला आणि बोटांना चिकटला, तर मुळं पाण्यात बसलेली आहेत. मग मुळं बघा. टोकं पांढरी आणि कडक असतील तर उत्तम. तपकिरी-काळी असतील, चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसता दोरा राहत असेल, मातीला आंबूस वास येत असेल, तर ती कूज. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे बारीक जंत. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी निघाली तर हुमणी, आणि तिचा संशय सरळ स्लरीवर जातो. कच्च्या, अर्धवट कुजलेल्या शेणात ती वाढते आणि कोवळी मुळं खाते. कुजत असलेलं शेण मातीतला प्राणवायूही खातं, हे दुखणं वेगळंच.

खणण्याआधी आणखी एक करून बघा. खोड जमिनीलगत धरून हलकेच फिरवा. बुंध्यासकट सगळं भोवऱ्यासारखं फिरलं तर मुळं अजून नर्सरीच्या पिशवीच्या आकारातच गोल गोल फिरताहेत, बाहेर पडलेलीच नाहीत. काही वेळा तर काळी पिशवी तशीच खाली असते, फक्त तळ फाडलेला. असं असेल तर खतं बदलून काडीचाही फरक पडणार नाही.

तुमच्याकडे काय निघेल? न बघता पैज लावायची झाली तर मी पाण्यावर लावीन. कृष्णाकाठची काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातल्या हवेच्या जागा बुजतात. त्यात दोन फुटांचा खड्डा घेऊन भुसभुशीत माती-खत भरलं की आपल्याला वाटतं, वेलीसाठी गादी केली. प्रत्यक्षात ती विहीर असते: बादलीचं पाणी सैल भरावात झटकन उतरतं आणि चारी बाजूंच्या घट्ट मातीने अडून तळाशी साचतं. वरचा इंचभर थर दुपारपर्यंत वाळतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली. रोज पाणी घालूनही पानं दुपारी माना टाकतात ती तहानेने नाही, गुदमरून. खात्री करायची तर वेलीपासून तीन फुटांवर एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते मुरू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पट्टी लावून मोजा. तासाला इंचभर तरी पातळी उतरायला हवी. चोवीस तासांनीही पाणी दिसत असेल तर त्या जागी सपाटीवर द्राक्ष लावूच नये.

भिंतीचाही एक त्रास. कंपाउंडच्या पायाशी बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो: सिमेंट, चुना, प्लास्टरचे तुकडे. आपली काळी माती आधीच चुनखडीची, त्यात ही भर. चर घेताना निघालेल्या कोरड्या मातीवर चमचाभर व्हिनेगर टाका. सरसरून फेस आला तर चुनखडी भरपूर आहे आणि लोह मातीत असूनही वेलीला उचलता येत नाही. तेव्हा शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. खालची जुनी पानं आधी फिकी पडत असतील तर नत्र कमी. पानं बारीक, पेरं आखूड आणि शेंड्याकडे झुपका झाला असेल तर जस्त. जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या करपत असतील तर क्षार. तुम्ही ‘पानं पिवळी’ एवढंच लिहिलंय, वरची की खालची ते सांगितलं असतंत तर मला एवढा फाफटपसारा लागला नसता.

आता खत. १९:१९:१९ वाईट नाही, दर आठवड्याला देणं वाईट. त्यात नत्राइतकाच स्फुरद असतो. नत्र वेल वापरते किंवा पाण्याबरोबर वाहून जातं, स्फुरद मात्र चुनखडीच्या मातीत साठत जातो आणि जस्त-लोह आणखी अडवतो. चौदा महिने दर आठवड्याला म्हणजे साठ वेळा झाले. ते आजपासून बंद. स्लरीही बंद. पाणी बोअरचं असेल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा, तीन-चारशे रुपयांत मिळतो. आकडा ६५०च्या वर गेला की स्वमुळावरच्या, म्हणजे खुंटाशिवाय वाढणाऱ्या, द्राक्षाला ते पाणी बाधायला लागतं. नळाला कृष्णेचं पाणी येत असेल तर वेलीला तेच द्या आणि बोअरचं अंगण धुवायला ठेवा.

यावरूनच खुंटाकडे येऊ. तासगावच्या जुन्या बागा स्वमुळावर होत्या हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. युरोपात खुंट आला तो एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा नावाच्या मुळावरच्या किडीमुळे. आपल्याकडचं कारण ते नव्हतंच. इथे पाऊस कमी पडायला लागला, बोअर खोल गेले, पाणी खारट झालं, मग डॉगरिजसारखे क्षार आणि पाण्याचा ताण सोसणारे खुंट आले. म्हणजे चांगलं पाणी आणि निचऱ्याची जमीन असलेल्या घरी थॉम्पसन किंवा तास-ए-गणेश या जातीची साधी काडी लावली तरी ती उत्तम येते. ‘खुंटाशिवाय लावू नका’ हे वाक्य मागे घेतो. ‘बोअरचं पाणी असेल तर’ एवढं त्याच्या पुढे हवं होतं. डॉगरिजही काही देव नाही. त्यावरच्या वेलीत सोडियम साठण्याची आणि पालाश कमी पडण्याची तक्रार बागायतदारांची असतेच.

मात्र तुमची वेल कलमी आहे, म्हणून एक गोष्ट तपासाच. खोडावर जोडाची गाठ शोधा. ती मातीत गाडली गेली असेल तर उघडी करा, जमिनीपासून वीतभर तरी वर हवी. गाठीच्या खालून एखादी फूट आली आहे का? खुंटाचं पान गोलसर, फारसं न कापलेलं, कोवळेपणी कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी लव असलेलं असतं. थॉम्पसनच्या पानाला स्पष्ट खाचा असतात. खालची फूट जोमात आणि वरची रडतखडत, असं असेल तर सगळा रस खुंटच खातोय. ती फूट नुसती छाटू नका, बुडातून खरवडून काढा, नाहीतर महिन्याभरात तिथूनच दोन येतात.

चर बघून पुढचं ठरवा. मुळं पांढरी निघाली तर चर बुजवा, पाणी वाफसा बघून तीन-चार दिवसांआड द्या आणि जानेवारीअखेरपर्यंत थांबा. रात्री पंधरा अंशांच्या वर राहायला लागल्या की, साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, जोडाच्या वर तीन डोळे ठेवून धारदार कात्रीने कापा. काप वरच्या डोळ्यापासून बोटाच्या रुंदीएवढा वर, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. कापातून काही दिवस पाणी ठिबकेल, त्याला काही लावत बसू नका. वाळल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइडची दाट पेस्ट लावा. डोळे फुटावेत म्हणून बागायतदार हायड्रोजन सायनामाइड लावतात, ते घरी अजिबात आणू नका. विषारी आहे, आणि फेब्रुवारीच्या उन्हात डोळे तसेही फुटतात. फक्त रोज सकाळी उडद्या बघत जा. हा चकाकणारा बारीक भुंगेरा फुगलेला डोळाच कोरतो आणि आपण म्हणतो, फुटलीच नाही.

फुटी चार-पाच पानांच्या झाल्या की सर्वांत जोमदार एक ठेवा, दुसरी राखीव म्हणून फूटभर होऊ द्या आणि मग काढा. बांबू रोवून दर वीतभरावर सुतळीने इंग्रजी आठसारखा सैल वेढा घालून बांधत जा. पानांच्या बगलेतून येणाऱ्या बगलफुटी दोन पानांवर खुडा, बाळ्या (आधाराला वेढा घालणारे तणावे) काढून टाका. वेल आडवी लोंबकळली की शेंडा मंदावतो, उभी बांधली की धावतो. नव्या फुटीला पाच-सहा पानं येईपर्यंत खत शून्य. मग दहा दिवसांतून एकदा पाच लिटर पाण्यात पाच ग्रॅम युरिया, आणि बोटाने चुरगळता येईल इतकं कुजलेलं शेणखत दोन किलो, तेही एकदाच. वरची पानं पिवळी असतील तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह दोन ग्रॅम पाण्यातून मुळाशी. साधं हिराकस (फेरस सल्फेट) चुनखडीच्या मातीत टाकणं म्हणजे पैसे पुरणं आहे.

मुळं कुजलेली किंवा पिशवीत गुंडाळलेली निघाली तर त्या जागेचा मोह सोडा. भिंतीपासून तीन फूट पुढे, दिवसाला सहा तास ऊन मिळेल तिथे, चार फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट उंच बोद, म्हणजे मातीचा उंच वाफा, घाला. दोन भाग माती, एक भाग मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत. खड्डा घेऊ नका, जमीन वरवर उकरून तिच्यावरच बोद रचा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मुळंही छाटून वेल नव्या मातीत जाणार म्हणून एवढ्या एकाच बाबतीत कुजकी मुळं असूनही, काप आणि उपटणं एकाच दिवशी: वेल तीन डोळ्यांवर कापा, मातीच्या गोळ्यासकट उचला, कुजकी मुळं पांढरा गाभा दिसेपर्यंत छाटा, गोल फिरलेली मुळं मोकळी करा, सुटत नसतील ती कापा, आणि बोदाच्या मध्यावर लावा. जोडाची गाठ वर. हुमणी असेल तर जुन्या चरातली मातीही बोदात घेऊ नका. वर उसाच्या पाचटाचं आच्छादन टाका, खोडापासून चार बोटं लांब.

गाठी निघाल्या, म्हणजे सूत्रकृमी असतील, तर मात्र ही वेल वाचवत बसू नका. ती मुळासकट काढा आणि नवी काडी दुसऱ्या कोपऱ्यात लावा. जुन्या जागी दोन पावसाळे झेंडू लावा.