बाटलीभर मॉडिफायरनं एलएसडी रिबिल्ड होत नाही

एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (डिफ): एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारा, ॲक्सलमधला गिअरसंच. फ्रिक्शन मॉडिफायर म्हणजे त्याच्या ऑइलमध्ये घालायचं द्रव्य, आणि शिम म्हणजे जागा भरणारी पातळ चकती. आता मेसेज वाचा: ‘ऑफ-रोड गाडीचा एलएसडी सैल पडलाय? रिबिल्ड विसरा. फ्रिक्शन मॉडिफायर दुप्पट ओता. तरी घसरला तर प्लेटा पॉलिश पेपरनं घासा, मागे जाड शिम घाला. मग एक चाक जॅकवर उचला, गाडी गिअरमध्ये टाका आणि बघा.’ हा मेसेज फिरत फिरत पुतण्यापर्यंत आलाय आणि तो जॅक काढून बसलाय, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी शेवटचा मुद्दा, कारण त्यात जीव जाईल. क्लच प्लेटवाल्या एलएसडीचं कामच हे, की एक चाक मोकळं फिरलं तरी दुसऱ्याला जोर मिळावा. ते दुसरं चाक जमिनीवर टेकलेलं असतं. पायातलं क्लच पेडल सोडलं की गाडी जॅकवरून उडी मारणार. एलएसडी जितका धडधाकट, तितकी जोरात. तपासणी इंजिन बंद ठेवून होते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा डबा) न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, ॲक्सलखाली स्टँड. उचललेल्या बाजूच्या हबला अडॅप्टर लावून टॉर्क रेंचनं फिरवायचं. डाना कंपनीच्या ट्रॅक-लॉक या क्लच प्लेटवाल्या एलएसडीसाठी जीपचं सर्व्हिस मॅन्युअल ४१ ते २७१ न्यूटन-मीटर सांगतं. आकडा याबाहेर गेला तर युनिट खोला. दुसऱ्या मेकचा आकडा त्याच्याच मॅन्युअलमध्ये बघा.

दुप्पट मॉडिफायर? अहो, मॉडिफायर प्लेटांची पकड मऊ करतो. घसरणारा डिफ आणखी घसरेल. ट्रॅक-लॉकला ११८ मिली पुरतो. बरं, एवढं मान्य: वळताना मागून कडकड होत असेल, तर ताजं ऑइल आणि मापात मॉडिफायर यानं ती बरेचदा थांबते. झिजलेली प्लेट मात्र त्यानं भरून येत नाही.

शिमचंही तेच. दाब वाढतो, प्लेटांवरचा गेलेला घर्षणाचा थर परत येत नाही. वर साइड गिअर (चाकाच्या शाफ्टवरचा) स्टार पिनियनमध्ये (डिफच्या मधल्या छोट्या गिअरमध्ये) घुसतो, बॅकलॅश म्हणजे दातांमधली मोकळी फट संपते आणि दात खाल्ले जातात. दोन्ही बाजूंचे प्लेटसंच एकदम बदला, मूळच्याच क्रमानं, ऑइलमध्ये भिजवून. प्लेटांचे कान (कडेला बाहेर आलेले भाग) डिफच्या केसच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, ज्या खाचांत बसतात, तिथे नख फिरवून बघा. पायरी लागली तर नव्या प्लेटाही तिथेच अडकतील, केस बदलायचा. कानांवरच्या क्लिपा पूर्ण बसल्याशिवाय पुढे जाऊ नका. बेअरिंग कॅप आणि शिमांवर उतरवतानाच डावं-उजवं लिहा, आणि परत बसवल्यावर क्राऊन-पिनियनचा (डिफला फिरवणाऱ्या मुख्य गिअरजोडीचा) बॅकलॅश डायल गेजनं मोजा.

पॉलिश पेपरनं उरलासुरला थरही जातो. टॉर्सनसारख्या गिअरवाल्या युनिटांत तर असा क्लच पॅक सहसा नसतोच. तिथे घासणार काय?