‘तुमच्या व्यायामानं माझं दुखणं वाढलं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर मी श्रावणात लिहिलं होतं, त्यावर नवरात्र संपता संपता तुमची प्रतिक्रिया आली. नंतर वाचणाऱ्यांसाठी ती थोडक्यात सांगते. तुमच्या आजीची आठ बाळंतपणं झाली, विहीर-जातं सगळं तिनं केलं, पण तिला असलं काही झालं नाही. ही हल्लीची नाजूक दुखणी आहेत, असं तुमचं म्हणणं. तरीही शिंकेसरशी लघवी होते म्हणून दोन महिने सकाळ-संध्याकाळ तुम्ही मी सांगितलेला आवळण्याचा व्यायाम केलात. आता ओटीपोट आणि माकडहाड दुखतं, फार वेळ बसवत नाही, लघवीला बसलं तर लगेच सुरू होत नाही. आणि डॉक्टर पिशवी काढू म्हणतात, तर एकदाची काढून मोकळी होते, असं तुम्ही शेवटी लिहिलंत.

मधल्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. ‘प्रत्येक बाईनं हा व्यायाम रोज करावा’ असं वाक्य माझ्या लेखात होतं. ते तसं लिहायला नको होतं. तो व्यायाम आजपासून थांबवा.

ओटीपोटाच्या पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत हे तळाचे स्नायू झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय यांचा भार त्यांच्यावर असतो. खोकताना-शिंकताना ते आपोआप वर उचलले जायला हवेत आणि लघवीला, शौचाला बसलं की पूर्ण सैल पडायला हवेत. ही दोन्ही कामं त्यांचीच. काही बायकांत ते ढिले पडलेले असतात. पण काहींत ते सतत आवळलेलेच राहतात, सोडायचं विसरतात. अशा बाईला लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, कुंथावं लागतं, संबंधाच्या वेळी दुखतं, माकडहाडाशी ठणका राहतो. आणि गंमत वाटणार नाही अशी गोष्ट म्हणजे तिचीही लघवी गळू शकते, कारण आधीच आवळून थकलेल्या स्नायूला ऐन शिंकेच्या क्षणी आणखी उचलायला जोर उरत नाही. तिला ‘अजून आवळ’ सांगणं म्हणजे दुखणं वाढवणं. तुमचं वर्णन वाचून मला हीच शंका येते. मात्र अशाच तक्रारी लघवीच्या जंतुसंसर्गानं किंवा गर्भपिशवीच्या आजारांनीही होतात, म्हणून तपासल्याशिवाय मी नक्की काही म्हणणार नाही.

माझे वडील तरुणपणी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे. पुढे घरी दंड-बैठका झाल्या की ते जमिनीवर अंग सोडून पडून राहत आणि तेही व्यायामातच धरत. मी इतकी वर्षं फिजिओथेरपी करते, रोज बायकांना हेच शिकवते, आणि लेख लिहिताना नेमकं सोडण्याबद्दल एक ओळ लिहिली नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी शक्यता अशी की व्यायाम योग्य होता पण होत होता उलटा. ज्या आर्नल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावानं हा व्यायाम ओळखला जातो, त्यांनी 1948 साली त्याबद्दल लिहिलं तेव्हा निव्वळ तोंडी सूचनांवर भागवलं नव्हतं. स्नायू किती आवळतो हे बाईला स्वतःला दिसावं म्हणून पेरिनिओमीटर नावाचं दाब मोजायचं साधन त्यांनी वापरलं. पुढे 1991 च्या एका अमेरिकी अभ्यासात 47 बायकांना फक्त तोंडी सांगून तपासलं, तर जेमतेम निम्म्यांना तो नीट जमला आणि साधारण चौथा हिस्सा बायका उचलण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे गळती वाढेल असं करत होत्या. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणारी ब्रिटनची नाइस ही संस्थाही खोकता-शिंकताना होणाऱ्या गळतीसाठी आधी हाच व्यायाम सुचवते, पण देखरेखीखाली, निदान 3 महिने. देखरेख हा शब्द महत्त्वाचा. लेख वाचून करणं ही देखरेख नव्हे, माझा लेख असला तरी.

बऱ्याच जणी लघवी मध्येच रोखून सराव करतात. तुम्हीही करत असाल तर तेही बंद करा. त्यानं मूत्राशय नीट रिकामं न होण्याची सवय लागू शकते.

आता आजीबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ‘अंग बाहेर येणं’, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकणं, हा शब्द आपल्याला कुणी दिला? कुठल्या डॉक्टरांनी नाही, आज्यांनीच. आयुर्वेदाच्या ग्रंथांत वीस योनिव्यापदं, म्हणजे बायकांच्या जननमार्गाची दुखणी, सांगितली आहेत, त्यांत अंग खाली सरकण्याचं वर्णन आहे. दुखणं जुनंच आहे. माझी आजी बडोद्यातच दांडिया बाजारातल्या वाड्यात राहायची. ती कधी पावागडच्या डोंगरावर देवीला आली नाही. ‘पायऱ्या झेपत नाहीत’ म्हणायची, आणि वाड्याचा जिना मात्र दिवसातून दहादा चढायची. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत जुन्या लुगड्यांच्या घड्या घातलेल्या पट्ट्या सापडल्या. आई म्हणाली, पाळी जाऊन वीस वर्षं झाली होती, मग या कशाला? उत्तर आम्हा दोघींनाही कळलं, आणि आम्ही ट्रंक बंद केली. तुमच्या आजीला खरोखरच काही त्रास नसेलही. पण तिनं सांगितलं नाही यावरून तसं ठरवू नका.

हल्लीच्या बायकाही सांगत नाहीतच. नवरात्रात माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी दुपारपासून पाणी बंद करतात आणि पॅड लावून गरब्याला जातात. पाणी तोडल्यानं लघवी दाट होते, मूत्राशयाला चरचरते, घाई उलट वाढते. शिवाय बद्धकोष्ठ होऊन कुंथणं वाढतं. त्यांतल्या काहींना वाटतं, आपलं सिझर झालंय म्हणजे आपल्याला हे होणारच नाही. सिझरनं धोका कमी होतो, पण नऊ महिने भार वाहिलेला असतोच.

पिशवीचं घाईनं ठरवू नका, एवढी विनंती. तुमचे डॉक्टर चुकताहेत असं मी म्हणत नाही. मोठ्या गाठी, औषधानं न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग, यांसाठी ती काढावी लागते. पण लघवी गळते किंवा ओटीपोट दुखतं एवढ्यावरच काढायची असेल, तर गळणं थांबायची खात्री नाही. आवळलेला स्नायू आवळलेलाच राहील, आणि पुढे काहींत योनीमार्गाचा वरचा भाग खाली येतो. अंग खाली आलं असेल तर आत बसवायची रिंग हाही एक उपाय आहे, तो तुमच्यासमोर ठेवला होता का? शिवाय बीजांडकोशही काढणार का, हे नक्की विचारा. पाळी जायच्या आधीच ते काढले तर हाडांवर परिणाम होतो.

लघवीची तपासणी करून घ्या. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘पिशवी नेमकी कशासाठी काढायची?’ आणि या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून स्नायू ढिला आहे की आवळलेला, हे बघून घ्या. लघवीतून रक्त गेलं किंवा लघवी अडलीच, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. तोवर रोज दोनदा पाठीवर पडून गुडघे वर घ्या, पोटावर हात ठेवा आणि श्वास आत घेताना खालचा भाग सैल सुटू द्या. आवळू मुळीच नका.

लेखातलं ते वाक्य मी आज काढलं. त्या जागी तुमचा अनुभव, नाव-गाव न देता, लिहिला तर चालेल का? तुम्ही हो म्हटल्याशिवाय लिहिणार नाही.