पुन्हा तेच रान, पुन्हा त्याच बाटल्या

दर मे महिन्यात गावी जातो आणि दर वेळी डोकं फिरतं. अलिबागकडच्या आमच्या गावाबाहेर बेने इस्रायलींचं (कोकणातल्या मराठी ज्यूंचं) जुनं कबरस्तान आहे. म्हणजे होतं. आता घाणेरीचं रान, चरणारी गुरं आणि कबरीच्या चौथऱ्यावर बिअरच्या बाटल्या. एक शिळा तर विहिरीवर कपडे धुवायला! अहो, तिच्यावर हिब्रूखाली चक्क मराठीत नाव आहे. धोपटताना एकदा तरी वाचा की!

विचारावं तर उत्तर ठरलेलं, ‘त्यांचं कोण राहिलंय आता?’ १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, खरंय. पण रोहेकर, पेणकर, किहीमकर ही आडनावं काय आभाळातून पडली? शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आपणच त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचो. तिकडे जाऊनही घरात मराठी बोलतात, ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक काढलं त्यांनी. आणि इथे आपल्याला झाडलोटही जमू नये?

नवगावला, जिथे त्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं सांगतात, तिथे निदान स्मारक तरी उभं आहे. आमच्याकडे साधं फाटक नाही. पंचायतीत गेलो तर म्हणाले, ‘अर्ज द्या.’ तिसरा दिलाय. मागचे दोन कुठे गेले विचारलं, तर साहेब जेवायला गेलेले.

तोवर कोयता घेऊन मीच जातो. एका सकाळी जेमतेम दोन कबरी मोकळ्या होतात.